एक देश, दोन हवामाने : नैरोबी आणि मोंबासा यांचा प्रवासहिशेब

व्यापारी घरात कोणताही मोठा खर्च हिशेबाच्या वहीत मांडल्याशिवाय पुढे सरकत नाही. परदेशप्रवास मात्र या शिस्तीतून पुष्कळदा निसटतो. विमानाचे तिकीट किती आणि खोलीचे भाडे किती, एवढे दोन आकडे पाहून बेत पक्का होतो. त्या गावी त्या महिन्यात हवा कशी असेल, हा प्रश्न निघालाच तर शेवटी, बॅगा भरताना निघतो. वस्तुतः हवामान ही खर्चाच्या वहीतीलच एक बाब आहे. खोलीचा दर का उतरला, औषधे किती न्यावी लागली, वाहन किती वेळा करावे लागले आणि घरातील वडीलधाऱ्यांना किती दिवस खोलीतच बसून काढावे लागले, या साऱ्याचे मूळ हवेत असते. हे समजावून घेण्यासाठी केनियातील नैरोबी आणि मोंबासा या दोन शहरांइतके चांगले उदाहरण सापडणे कठीण. देश एक, चलन एक, प्रवेशाचा परवाना एक. हवा मात्र निराळी, म्हणून खर्चही निराळा.

आपल्या समाजाला ही शहरे परकी नाहीत. जामनगर परिसरातील हालारी विसा ओसवाळ कुटुंबे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे जाऊ लागली आणि दुकानदारीतून व उद्योगांतून स्थिरावली. नैरोबीत समाजाची मोठी वस्ती व संस्था आहेत. मोंबासात १९६३ साली भगवान पार्श्वनाथांचे शिखरबंदी देरासर उभे राहिले. या जुन्या व्यापाराच्या खुणा तेथील भाषेतही आढळतात. स्वाहिलीत दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’ आणि पैशाला ‘पेसा’ म्हणतात. १९२० पर्यंत तेथे रुपयाच चालत असे. आज शिलिंग चालतो आणि २००७ साली सुरू झालेल्या ‘एम-पेसा’ या मोबाइलवरील देवघेवीच्या व्यवस्थेने लहानमोठे बहुतेक व्यवहार पुरे होतात. पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घेता येते.

प्रथम हवेचा विचार करू. मोंबासा हे हिंदी महासागरातील बेट आहे. ते विषुववृत्ताच्या दक्षिणेस चार अंशांवर वसले आहे. नैरोबी विषुववृत्ताच्या अधिकच जवळ, अवघ्या सव्वा अंशावर आहे. नकाशा पाहून नैरोबी जास्त उष्ण असेल असे वाटावे. प्रत्यक्षात उलट आहे. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंच पठारावर आहे. आपले महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे, म्हणजे नैरोबी त्याहूनही साडेचारशे मीटर वर. शहराचे नावही मासाई भाषेतील ‘थंड पाणी’ या अर्थाच्या शब्दांवरून आले आहे. जानेवारी ते मार्च या तेथील उष्ण महिन्यांत दुपारी पारा २५ ते २८ अंशांपर्यंत जातो आणि रात्री १२ ते १४ पर्यंत उतरतो. जुलै-ऑगस्टमध्ये आकाश दिवसचे दिवस ढगाळ राहते, दुपारीही २१ ते २३ अंशच असतात आणि पहाटे १०-१२ अंशांचा गारवा झोंबतो. आफ्रिकेला जाताना स्वेटर कशाला, असे म्हणणाऱ्यांना तेथे पोहोचताच तो विकत घ्यावा लागतो.

मोंबासाची हवा रत्नागिरी किंवा गोवा पाहिलेल्याला ओळखीची वाटेल. जानेवारी ते मार्च दुपारी ३२-३३ अंश, रात्रीही २४-२५. शिवाय समुद्राची दमट हवा. जुलै-ऑगस्टमध्ये दुपार २७-२८ अंशांवर येते आणि वारा सुखद होतो. या वाऱ्यांना तेथे नावे आहेत. डिसेंबर ते मार्च ईशान्येकडून वाहणारा तो ‘कास्काझी’ आणि एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत दक्षिणेकडून येणारा तो ‘कुसी’. कच्छ-सौराष्ट्राची गलबते शतकानुशतके कास्काझीवर मोंबासाला जात आणि वारा फिरला की कुसीच्या जोरावर परतत. हाच कुसी विषुववृत्त ओलांडून वळतो, अरबी समुद्रावरील बाष्प घेतो आणि जूनमध्ये आपल्या कोकणात मोसमी पाऊस होऊन कोसळतो. म्हणजे मोंबासाच्या किनाऱ्यावर लागणारा वारा आणि आपल्या पेठेतील पावसाळा यांचे नाते दूरचे नाही.

पाऊस मात्र तेथे वर्षातून दोनदा येतो. सूर्य विषुववृत्तावरून वर्षातून दोनदा जातो आणि त्याच्या मागोमाग पावसाचा पट्टाही दोनदा सरकतो. मार्च ते मे हा ‘लांब पाऊस’ आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा ‘आखूड पाऊस’. नैरोबीत एप्रिल हा सर्वांत ओला महिना, मोंबासात मे. येथेच आपल्या कुटुंबांसाठी महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. महाराष्ट्रातील शाळांची उन्हाळी सुट्टी एप्रिलच्या उत्तरार्धापासून जूनच्या मध्यापर्यंत असते आणि दिवाळीची सुट्टी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते. दोन्ही वेळा केनियात पावसाच्या. मे महिन्यात मोंबासाच्या समुद्रकाठच्या हॉटेलांचे दर उतरलेले दिसतात, काही हॉटेले दुरुस्तीसाठी बंदही असतात. तो उतरलेला दर पाहून ‘चांगला सौदा मिळाला’ असे वाटते. पण ती सवलत दुकानदाराने दिलेली नसते, पावसाने दिलेली असते. माल स्वस्त का आहे, हे विचारल्याशिवाय आपण खरेदी करीत नाही. खोलीच्या बाबतीतही तोच नियम लावावा.

आता खर्चाकडे वळू. दोन्ही शहरांना समान असा खर्च आधी बाजूला काढावा. मुंबईहून नैरोबीचे थेट विमान सुमारे सहा तासांत पोहोचते. घड्याळ अडीच तास मागे घ्यायचे. मोंबासाला जाणारे बहुतेक भारतीय प्रवासी नैरोबीमार्गेच जातात. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा रद्द करून प्रवासापूर्वी इंटरनेटवरून घ्यावयाचा प्रवेश-परवाना सुरू केला. त्याचे मूळ शुल्क माणशी ३० डॉलर आहे, म्हणजे सहा जणांच्या कुटुंबाला १८० डॉलर. दुसरी बाब पीतज्वराच्या लसीची. केनियातून भारतात परतणाऱ्या प्रवाशाकडे या लसीचे प्रमाणपत्र असावे लागते. ते नसल्यास विमानतळावरून थेट विलगीकरणात जावे लागते आणि तो काळ सहा दिवसांपर्यंत असू शकतो. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, शासनमान्य केंद्रातच घ्यावी. एकदा घेतलेले प्रमाणपत्र आजन्म चालते. मात्र साठी ओलांडलेल्यांना या लसीचा त्रास होण्याची शक्यता अधिक असते. म्हणून आजी-आजोबांना न्यायचे असेल तर त्यांच्या डॉक्टरांचा सल्ला तिकीट काढण्याआधी घ्यावा, नंतर नव्हे. तिकिटाचे पैसे बुडाले तर पुन्हा मिळवता येतात, ज्येष्ठांची प्रकृती तशी नसते.

यापुढे दोन शहरांचे हिशेब वेगळे होतात. थोडक्यात सांगायचे तर नैरोबीत पैसा रस्त्यावर खर्च होतो, मोंबासात खोलीत.

नैरोबीत वातानुकूलित खोलीची गरज नाही. रात्री पंखाही लागत नाही, दुलई लागते. उंचीमुळे शहरात हिवतापाचा धोका कमी आहे. त्यामुळे साधी, स्वच्छ खोली पुरते आणि त्या दरात बचत होते. परंतु शहर पसरलेले आहे आणि वाहनांची कोंडी मोठी. अंधार पडल्यावर पायी फिरणे टाळावे, असे तेथील माणसेच सांगतात. म्हणून प्रत्येक फेरीला टॅक्सी. २०२२ मध्ये खुला झालेला २७ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग वेळ वाचवतो, पण त्यावर टोल आहे. शहराला लागूनच १९४६ साली स्थापन झालेले ११७ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे मोकळ्या गवतावर जिराफ आणि गेंडे चरतात आणि मागे उंच इमारती दिसतात. शिकाऱ्यांकडून जप्त केलेले हस्तिदंत व्यापारात येऊ नये म्हणून १९८९ साली याच उद्यानात १२ टन दात जाहीरपणे जाळण्यात आले. त्यातून मिळू शकणारे लक्षावधी डॉलर केनियाने सोडले. अहिंसेचे संस्कार असलेल्या आपल्या मुलांना ती जागा आवर्जून दाखवावी. उद्यानाचे प्रवेशशुल्क परदेशी पाहुण्यांना वेगळे, डॉलरमध्ये आणि स्थानिकांच्या मानाने बरेच जास्त असते. शिवाय गाडी व चालक यांचे भाडे. नैरोबीच्या खर्चात ही बाब सर्वांत मोठी ठरते.

मोंबासात याच्या उलट. जुने शहर पायी पाहता येते. अरुंद गल्ल्या, कोरीव लाकडी दरवाजे, आणि प्रवाळी दगडात १५९३ पासून बांधलेला फोर्ट जीझस हा किल्ला. हा किल्ला पोर्तुगीजांचा आणि त्याचा कारभार गोव्याहून चालत असे. १६९६ मध्ये ओमानच्या अरबांनी वेढा घातला तेव्हा मदतीची गलबते गोव्याहूनच निघत; अखेर १६९८ मध्ये किल्ला पडला. २०११ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. शहरात फिरायला तीनचाकी ‘टुक-टुक’, म्हणजे आपली रिक्षाच, मिळते. भाडे आधी ठरवावे. बेटावरून दक्षिण किनाऱ्याला नेणारी लिकोनीची फेरी पायी प्रवाशांना विनामूल्य आहे. असे रस्त्यावरचे खर्च थोडे. पण खोली वातानुकूलितच हवी, निदान ज्येष्ठांसाठी आणि लहान मुलांसाठी. किनाऱ्यावर हिवतापाचा धोका वर्षभर असल्यामुळे डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रतिबंधक गोळ्या, मच्छरदाणी आणि डास दूर ठेवणारे मलम हेही त्याच वहीत येतात. नैरोबीपेक्षा मोंबासा स्वस्त की महाग, याचे उत्तर म्हणूनच एका आकड्यात देता येत नाही. फिरायचे दिवस अधिक असतील तर नैरोबी महाग पडते, विसाव्याचे दिवस अधिक असतील तर मोंबासा.

दोन्ही शहरांना जोडणारा रेल्वेमार्ग हा या प्रवासातील सर्वांत समाधानाचा खर्च म्हणावा लागेल. जुनी रेल्वे १८९६ मध्ये मोंबासापासून बांधायला घेतली. त्यासाठी सुमारे ३२,००० मजूर हिंदुस्थानातून नेले आणि त्यांतील सुमारे अडीच हजार तेथेच मृत्यू पावले. १८९९ मध्ये रूळ पठारावर पोहोचले आणि गोदामे व छावणी पडली, तेच पुढे नैरोबी झाले. आजची नवी रुंद रुळांची गाडी २०१७ पासून धावते. सुमारे ४८० किलोमीटरचे अंतर ती पाच ते सहा तासांत कापते. त्सावोच्या तांबड्या मातीत रंगलेले हत्ती खिडकीतूनही दिसू शकतात. जानेवारी २०२४ मध्ये ठरलेले भाडे साध्या वर्गाला १,५०० आणि पहिल्या वर्गाला ४,५०० शिलिंग आहे. त्या वर्षीच्या मध्यापासून सुमारे १३० शिलिंगला एक डॉलर मिळत आला आहे. एक शिलिंग म्हणजे ढोबळ मानाने ६५ ते ७० पैसे धरले, तर साधे तिकीट हजार रुपयांच्या आसपास आणि पहिल्या वर्गाचे तीन हजारांच्या आसपास पडते.

सहा जणांचे कुटुंब पहिल्या वर्गाने गेले तर एका बाजूचे २७,००० शिलिंग होतात. सर्वजण साध्या वर्गाने गेले तर ९,०००. मधला मार्ग असा की दोन ज्येष्ठांना पहिल्या वर्गात बसवावे आणि चौघांनी साध्या वर्गातून जावे. तेव्हा १५,००० होतात. साध्या वर्गात समोरासमोरची, दाटीची आसने आहेत; पाय आखडणाऱ्या वृद्धांना ती जड जातात, मुलांना मात्र चालतात. यात आणखी एक भर धरावी. नैरोबीचे स्थानक सियोकिमाऊला आणि मोंबासाचे मिरिटिनीला, म्हणजे दोन्ही शहराच्या मध्यभागापासून दूर आहेत. दोन्हीकडचे टॅक्सीभाडे धरल्याशिवाय रेल्वेची विमानाशी तुलना करू नये. सामानाची तपासणी कडक असते, त्यामुळे तासभर आधी पोहोचावे.

आहाराच्या दृष्टीने या दोन शहरांची एक सोय युरोप-अमेरिकेत मिळत नाही. लंडनला डिसेंबरात चारच्या आधीच सूर्य मावळतो आणि जूनमध्ये रात्री नवानंतर. चौविहार पाळणाऱ्याचे वेळापत्रक तेथे ऋतूप्रमाणे ओढले जाते. विषुववृत्ताजवळ दिवस बाराही महिने सुमारे बारा तासांचा. नैरोबीत सूर्यास्त साधारण सव्वासहा ते पावणेसातच्या दरम्यान, मोंबासात त्याहून दहा-बारा मिनिटे आधी. तेथील लोक स्वाहिलीत तासही सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे त्यांचा ‘पहिला तास’. चालकाशी वेळ ठरवताना हे ध्यानात ठेवावे, अन्यथा त्याचे ‘तीन’ म्हणजे आपले नऊ असू शकतात. या एकसारख्या दिवसामुळे भोजनाची वेळ सांभाळणे सोपे होते. फक्त गाडी नीट निवडावी. दुपारी तीनला सुटणारी गाडी रात्री आठच्या सुमारास पोहोचते आणि सूर्यास्त डब्यातच होतो. सकाळी आठच्या सुमारास निघणारी गाडी दुपारी दोनपर्यंत पोहोचवते. चौविहाराचे नियम पाळणाऱ्यांना तीच सोयीची.

नैरोबीतील पार्कलँड्स भागात शाकाहारी भोजनालये आहेत आणि ‘जैन’ म्हटले की कांदा-लसूण-कंदमुळाविना, हे तेथे समजावून सांगावे लागत नाही. मोंबासात अशी ठिकाणे कमी. मात्र शहाळी आणि फळे भरपूर. तेथे तुरीचे दाणे नारळाच्या दुधात शिजवतात, त्याला ‘म्बाझी’ म्हणतात. पण त्यात कांदा असतो, म्हणून विचारून घ्यावे. समुद्रकाठी कागदी पुड्यांत मिळणारे खमंग काप बहुधा ‘म्होगो’चे असतात. म्होगो म्हणजे कसावा, म्हणजेच कंद. घरून खाकरे, दशम्या, सुकी भाजी न्यायची तर पिशव्यांचा विचार आधी करावा. केनियाने ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आहे आणि ती पर्यटकांनाही लागू आहे. स्टीलचे डबे आणि कापडी पिशव्या हाच उत्तम उपाय, आणि तो आपल्या घरात नवा नाही.

मग जावे केव्हा? जुलै ते ऑक्टोबर हा मासाई मारातील प्राण्यांच्या स्थलांतराचा काळ. हवा कोरडी, परंतु दर चढलेले. शिवाय आपल्याकडे तो बहुतांशी चातुर्मास. दिवाळीत वहीपूजन आणि दुकानातील गर्दी. त्यानंतर तेथे आखूड पाऊस. नाताळ आणि नववर्षाच्या दिवसांत मोंबासाचे दर सर्वांत चढे असतात, कारण केनियातील कुटुंबेही तेव्हाच किनाऱ्यावर येतात. हे सारे वजा केले तर वर्षात दोन पट्टे उरतात.

पहिला जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. दोन्ही शहरांत कोरडी हवा, नाताळाची दरवाढ ओसरलेली, आणि आपल्याकडे मार्चअखेरच्या हिशेबांची धावपळ अजून दूर. हा काळ ज्येष्ठांसाठी. त्यांचे अधिक दिवस नैरोबीत ठेवावे आणि मोंबासात तीनच दिवस, कारण तेथे हे महिने सर्वांत उष्ण असतात. दुपारच्या वेळी खोलीबाहेर न पडणे हेच शहाणपण. दुसरा पट्टा जूनचा पहिला पंधरवडा. आपल्याकडच्या शाळा उघडण्याआधीचे ते शेवटचे दिवस. नैरोबीत लांब पाऊस आटोपलेला असतो आणि जुलैची दरवाढ अजून सुरू झालेली नसते. मोंबासात सरी अधूनमधून येतात, समुद्र थोडा खवळलेला असतो, पण उकाडा गेलेला असतो. हा काळ मुलाबाळांसाठी. मे महिन्यातील स्वस्त दराला भुलून महिनाभर आधी जाण्यापेक्षा या पंधरवड्यात थोडे अधिक मोजलेले बरे.

एकाच फेरीत तिन्ही पिढ्यांना न्यायचा आग्रह असेल तर निर्णय घरातील सर्वांत नाजूक प्रकृतीच्या माणसाकडे पाहून करावा, सर्वांत स्वस्त तिकिटाकडे पाहून नव्हे. उन्हातान्हातून दुकान उभे करणाऱ्या आई-वडिलांना उतारवयात आपण परदेश दाखवायला नेतो, ते त्यांचे ऋण थोडे फेडावे म्हणून. त्या प्रवासात ते दमले, आजारी पडले किंवा त्यांचे नियम मोडले, तर वाचवलेल्या रकमेला अर्थ उरत नाही. हवा पाहून महिना ठरवावा, महिना पाहून शहर आणि शहर पाहून खर्च. या क्रमाने मांडलेला हिशेब सहसा चुकत नाही.